चित्र देखणं, माप कुठंय? त्रिमिती नोंदींची एक समीक्षा
(पोखर्णी, जि. परभणी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मागं उभ्या असलेल्या पोरांनो, पुढं या, जागा आहे.

समीक्षा म्हटलं की आपल्याला कादंबरी आठवते, नाटक आठवतं. आज मी समीक्षा करणार आहे ती एका वेगळ्याच चीजेची. हल्ली मोबाईलवर आपल्या जुन्या मंदिरांची, लेण्यांची, वाड्यांची 'थ्री-डी मॉडेलं' बघायला मिळतात. बोटानं फिरवा, मंदिर फिरतं. जवळ घ्या, शिल्पाची बोटं दिसतात. लोक खूश होतात, मीही होतो. पण त्याखाली जेव्हा लिहिलेलं असतं की 'हे या वास्तूचं अचूक दस्तऐवजीकरण आहे', तेव्हा समीक्षकाचं काम सुरू होतं. माझा प्रश्न एकच आहे. हे चित्र आहे की माप?

पोखर्णीत हा विषय का, असं कुणी विचारेल. पोखर्णी म्हणजे नृसिंहाचं गाव. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या स्टेशनचं नावसुद्धा पोखर्णी नृसिंह. आणि हा सगळा पट्टाच जुन्या दगडी मंदिरांचा. जिंतूर तालुक्यात चारठाणा, गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर, पलीकडं हिंगोलीत औंढा नागनाथ, नांदेडकडं होट्टल. त्रिमिती नोंद म्हणून जे काही होणार आहे, ते या दगडांचं होणार आहे. मग ती नोंद कशी असावी, हे ठरवण्याचा हक्क या दगडांशेजारी राहणाऱ्यांनाही आहे.

सुरुवात इतिहासापासून करू. आपल्याकडं 'खोली दिसणारी' चित्रं काही आज आलेली नाहीत. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी 1844 साली अजिंठ्याला आला, भित्तिचित्रांच्या नकला करायला. वर्षानुवर्षं त्यानं मोठमोठ्या तैलनकला केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या 1866 सालच्या आगीत जळाल्या. पुढं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच 1885 साली लंडनमध्येच जळाल्या. म्हणजे अजिंठ्याची नक्कल दोनदा आगीत गेली. नोंद का जपायची आणि एकाच जागी का ठेवू नये, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

पण गिलनं कॅमेराही हाती घेतला होता. 1864 साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं निघाली. त्यातलं एक जोड-चित्रांचं, शंभर चित्रांचं. एकाच दृश्याची जरा जरा सरकवून घेतलेली दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवलेली. दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितलं की लेणं खोल दिसतं, खांब पुढं येतो, मूर्ती मागं जाते. आज दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या चित्रांचा परिणाम कमी झालेला नाही. मी त्यांना उत्तम म्हणतो. बघणाऱ्याला लेण्यात नेऊन उभं करायचं, हा त्यांचा उद्देश, आणि तो त्यांनी पुरेपूर साधला.

आता त्याच चित्रांकडं मापाच्या नजरेनं बघा. जोड-चित्राच्या दोन भिंगांमधलं अंतर साधारण आपल्या दोन डोळ्यांइतकं असतं. साडेसहा सेंटिमीटर धरा. समोरचा खांब दहा मीटरवर आहे. आणि चित्रावर कोन मोजताना आपली चूक अंशाच्या साठाव्या भागाएवढी, म्हणजे एका मिनिटाची झाली. फारच बारीक चूक, नाही का? पण हिशोब केला तर खांबाचं अंतर जवळपास 45 सेंटिमीटरनं चुकतं. दीड फूट! तेच दोन कॅमेरे एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर तेवढ्याच कोनाच्या चुकीनं फरक पडतो तीन सेंटिमीटरच्या आत. डोळ्याला खोली जाणवायला साडेसहा सेंटिमीटर पुरतात. मापाला पुरत नाहीत. खोली दिसली म्हणजे खोली मोजली, असं होत नाही. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

गिल अजिंठ्यात होता त्याच काळात, 1858 साली, जर्मनीत वेट्झलारच्या मोठ्या चर्चची मापं घेताना अल्ब्रेख्त मायडेनबावर नावाचा तरुण वास्तुतज्ज्ञ उंचावरून पडता पडता वाचला. त्याला वाटलं, जिवावर उदार होऊन टेप लावण्यापेक्षा छायाचित्रावरूनच मापं का काढू नयेत? त्यानं पुढं स्वतःचे कॅमेरे बनवले. त्यांना रुंद कोनाचं भिंग होतं, पण भिंग आणि काच यांच्यातलं अंतर पक्कं बांधलेलं. चित्राचा मध्य कुठं आहे, हे प्रत्येक चित्रावर उमटावं अशी सोय केलेली. 1885 साली प्रशियात या कामाची सरकारी संस्था निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या काही इमारती उभारताना ती चित्रं कामी आली. गिलचं चित्र दिसायला मायडेनबावरपेक्षा कमी नव्हतं. फरक एवढाच की मायडेनबावरला आपल्या कॅमेऱ्याची कुंडली माहीत होती.

ही कुंडली मांडणं म्हणजेच कॅलिब्रेशन. सरकारी मराठीत 'अंशांकन'. आपल्याला हा शब्द परका वाटतो, पण गोष्ट परकी नाही. कापूस घेऊन गेलात की आधी काट्याकडं बघता ना? काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे का, पासिंग कधी झालंय, रिकामा काटा शून्यावर आहे का? शिक्का नसलेल्या काट्यावर कुणी आपला माल घालणार नाही. मग शिक्का नसलेल्या कॅमेऱ्यावर आपलं मंदिर का घालायचं? (हशा)

आणि हे भान आपल्याच भूमीवर फार जुनं आहे. 1802 साली मद्रासला कर्नल विल्यम लॅम्बटननं भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. हा माणूस मोजत मोजत उत्तरेकडं आला आणि 1823 साली आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला वारला. तिथंच त्याची कबर आहे. त्याच्याकडं शंभर फुटी पोलादी साखळी होती. एक साखळी कामाला आणि दुसरी नुसती पडताळ्याला, पेटीत जपून ठेवलेली. का? कारण ऊन लागलं की पोलाद वाढतं. दहा अंश तापमान वाढलं की शंभर फुटांना साडेतीन मिलिमीटर. किरकोळ वाटतं. पण दहा किलोमीटरच्या आधाररेषेवर तीच चूक मीटरच्या वर जाते. म्हणून साखळीवर सावली धरायची, शेजारी तापमापक ठेवायचा, सगळं वहीत लिहायचं. त्या मोजणीची थोरवी साखळीत नव्हती. ती या वहीत होती.

आता मुद्द्याचा कॅमेरा घेऊ. मंदिराच्या नोंदीसाठी रुंद कोनाची भिंगं का वापरतात? आपले जुने गाभारे आठवा. दार बुटकं, आत अंधार, उभं राहायला दोन-तीन पावलांची जागा. साध्या कॅमेऱ्यात अर्धा खांबसुद्धा मावत नाही. म्हणून एका काठीवर चार-सहा रुंद कोनाचे कॅमेरे चहूबाजूंना बांधायचे आणि एका फेरीत काम उरकायचं. कल्पना चांगली आहे. मी तिच्या विरोधात नाही.

पण रुंद भिंग सरळ बोलत नाही. साधं भिंग सरळ रेघ सरळ दाखवतं. त्याबदल्यात ते कडेच्या वस्तू ताणतं. दृश्य जसं नव्वद अंशांच्या कडेकडं जाईल, तसा हा ताण अनंताकडं जातो. म्हणून अतिरुंद भिंग, ज्याला माशाच्या डोळ्याचं भिंग म्हणतात, ते वेगळाच नियम पाळतं. मध्यापासून जितका कोन, तितकं अंतर, असा साधारण तो नियम. त्यामुळं सरळ खांब चित्रात धनुष्यासारखा वाकतो. हा वाक नेमका किती, हे प्रत्येक नगाचं वेगळं असतं. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले दोन कॅमेरेसुद्धा सारखे निघत नाहीत. भिंग बसवताना केसभर इकडंतिकडं झालं की चित्राचा मध्य सरकतो.

या वाकाचं गणित माणसांनी कष्टानं उभं केलंय. अमेरिकेच्या डुएन ब्राऊन यांनी 1971 साली जवळच्या अंतरावरच्या कॅमेऱ्यांच्या कॅलिब्रेशनवर जो लेख लिहिला, त्याची सूत्रं आजही सॉफ्टवेअरात चालतात. 2000 साली झेंगयू झांग यांची पद्धत प्रसिद्ध झाली. त्यामुळं बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा कागद छापून कुणीही घरी कॅलिब्रेशन करू शकतो, इतकं ते सोपं झालं. 2006 साली फिनलंडच्या कन्नाला आणि ब्रांट यांनी साध्या आणि माशाच्या डोळ्याच्या, दोन्ही भिंगांना चालेल असं सूत्र दिलं. म्हणजे साधनं नाहीत, अशी तक्रार करायला जागाच नाही.

आता कॅमेरे अनेक झाले की काम दुप्पट होतं. प्रत्येकाची आतली कुंडली हवीच. शिवाय ते एकमेकांच्या नात्यात कुठं आहेत, किती अंतरावर, कुठल्या कोनात, हेही हवं. घरातल्या प्रत्येकाचा स्वभाव कळला म्हणजे एकत्र कुटुंब कळलं असं नाही, नातीही कळावी लागतात. तसंच हे. इथं थोडी आकडेमोड सांगतो. दोन कॅमेऱ्यांमधला कोन अंशाच्या दहाव्या भागानं चुकला, तर पाच मीटरवर नऊ मिलिमीटरचा फरक आणि वीस मीटरवर साडेतीन सेंटिमीटरचा. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर वीस सेंटिमीटर आहे असं धरलं आणि ते एक मिलिमीटरनं चुकलं, तर सगळं मॉडेल अर्ध्या टक्क्यानं लहान-मोठं होतं. दहा मीटरच्या मंडपात पाच सेंटिमीटर. आणि कॅमेरे एकाच क्षणी उघडले नाहीत, चालता चालता सेकंदाच्या तिसाव्या भागाचा फरक पडला, तर साध्या चालीत काठी तेवढ्यात तीन सेंटिमीटर पुढं गेलेली असते.

त्यात आपला परभणीचा उन्हाळा. एसीच्या खोलीत सकाळी कॅलिब्रेशन केलं आणि दुपारी उन्हात काठी बाहेर काढली. एक मीटर ॲल्युमिनियम तीस अंशांच्या फरकानं पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतं. लॅम्बटन साखळीवर सावली धरत होता, आणि आपण दोनशे वर्षांनी काठी टेम्पोच्या टपावर बांधून नेतो.

इतकं सगळं सांगितल्यावर आता समीक्षेला हात घालतो. नावं घेणार नाही, कारण दोष एकाचा नाही, वहिवाटीचा आहे. या मॉडेलांत मला चार खोड्या पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली खोडी. कॅमेरा 'ऑटो'वर ठेवतात. फोकस आपोआप बदलतो आणि फोकस बदलला की भिंगाची कुंडली बदलते. वर 'स्थिर चित्रा'ची सोय चालू ठेवतात. ती दर चित्रात कडा वेगवेगळ्या कापते, म्हणजे मध्य दर चित्रात वेगळा. काटा दर पोत्याला शून्य बदलत असेल तर पावतीला काय अर्थ?

दुसरी खोडी. पट दाखवताना तो चित्राच्या मध्यावरच धरतात. रुंद भिंगाचा सगळा लबाडपणा कडेला असतो, आणि तिथंच पट कधी गेलेला नसतो. कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला, हवेनं वाकलेला. चौकोन मोजलेले नाहीत, छापखान्यानं दिलेत ते खरे मानलेले.

तिसरी खोडी सगळ्यांत मोठी. सॉफ्टवेअर शेवटी एक आकडा देतं, की सरासरी चूक अर्धा पिक्सेल. तो आकडा अहवालात अभिमानानं छापतात. पण मंडळी, हा आकडा सॉफ्टवेअरनं स्वतःच स्वतःला दिलेला आहे. पोरानं पेपर लिहिला, पोरानंच तपासला आणि पोरानंच गुण दिले. तो आकडा सांगतो की चित्रं आपसांत जुळतात. चित्रं दगडाशी जुळतात का, हे तो सांगत नाही. त्यासाठी कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेली, टेपनं वेगळी मोजलेली मापं लागतात. ती अहवालात क्वचितच असतात.

चौथी खोडी. चुकीवर लेप लावतात. दोन भिंगांची केंद्रं काही सेंटिमीटर दूर असतात, त्यामुळं जवळच्या वस्तू सांध्यावर जुळत नाहीत. सॉफ्टवेअर तो सांधा पुसट करून टाकतं. चित्र गुळगुळीत होतं आणि पुरावा नाहीसा होतो. खांबाची कड कुठं दुहेरी दिसते का, फरशी बशीसारखी वर येते का, हे बारकाईनं बघा. दिसली तर ते मॉडेल निदान प्रामाणिक तरी आहे.

आता कुणी म्हणेल, दोन-चार सेंटिमीटरनं काय बिघडतं? देव काय टेप लावून दर्शन देतो? बरोबर आहे. दर्शनासाठी काहीच बिघडत नाही. शाळेतल्या मुलांना दाखवायला, परदेशातल्या भाविकाला घरबसल्या बघायला, ही मॉडेलं छानच आहेत. बिघडतं ते पुढं.

जुन्या दगडी भिंतीचा एक आजार असतो. मिस्त्री त्याला म्हणतात भिंतीला पोट सुटलं. आतला भराव खचतो, पाणी मुरतं, आणि भिंत मधोमध हळूहळू बाहेर येते. वर-खाली जागेवर, मध्ये फुगलेली. हे पोट किती आणि वर्षाला किती वाढतंय, यावर सगळा निर्णय असतो. नुसता टेकू द्यायचा, की दगडांवर नंबर टाकून भिंत उतरवून परत रचायची? हा निर्णय दोन-तीन सेंटिमीटरवर फिरतो.

आणि नेमका इथंच घोळ आहे. भिंगाचा वाक नीट काढला नसेल आणि चित्रं सगळी भिंतीला समांतर राहून घेतली असतील, तर मॉडेलमध्ये सपाट भिंत कशी दिसते माहितीय? मधोमध फुगलेली. किंवा मधोमध बसलेली. ड्रोननं जमीन मोजणाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, सपाट माळ घुमटासारखा दिसतो. म्हणजे यंत्राची चूक आणि भिंतीचा आजार, दोघांचं तोंड सारखंच. चूक जर वेडीवाकडी असती तर कुणीही ओळखली असती. ही चूक सुबक असते, म्हणून ती घातक. एक तर चांगली भिंत आजारी ठरवून उतरवाल, नाहीतर आजारी भिंत चांगली समजून सोडून द्याल. जुनी रचना एकदा उतरवली की ती तशीच परत रचली जाईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. किल्लारीला जमीन हलली, हजारो माणसं गेली, जाड दगडी भिंतींची घरं माणसांवर पडली. गावं उठून दुसरीकडं वसली. एक गोष्ट आपण तिथून शिकायला हवी होती. इमारत पडण्याआधी ती कशी होती, हे पडल्यानंतर मोजता येत नाही. म्हणून आज घेतलेलं माप कच्चं असेल, तर उद्या त्याचा उपयोग तर नाहीच, उलट ते खोटी साक्ष देईल.

मग चूक अजिबात नसलेलं माप आणायचं कुठून? ते कुठंच नसतं. मी ते मागतही नाही. मी मागतो ते एवढंच, चूक किती हे सांगा. याचं चांगलं उदाहरण तुम्ही सगळे टीव्हीवर बघता. क्रिकेटमधला डीआरएस. मैदानाभोवती लावलेले कॅमेरे, त्यांचं आपसांतलं नातं आधीच पक्कं केलेलं, आणि त्यावरून चेंडूची वाट काढायची. 2008 साली भारत-श्रीलंका कसोटींत डीआरएसचा पहिला प्रयोग झाला. आपल्या क्रिकेट मंडळाला त्याच्या अचूकतेबद्दल शंका होती, आणि पुढं बरीच वर्षं त्यांनी तो स्वीकारला नाही. 2016 मध्ये इंग्लंडविरुद्ध प्रयोग म्हणून मान्य केला. लोक त्यांना हसले, पण शंका घेणं चूक नव्हतं. आणि तुम्ही ज्याला शिव्या देता तो 'अंपायर्स कॉल', तो काय आहे? चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसत असेल, तर यंत्र म्हणतं, माझी इतपत खात्री नाही, पंचांचंच चालू द्या. कोट्यवधी लोकांसमोर यंत्र आपली मर्यादा कबूल करतं. माझं म्हणणं, एका चेंडूला जो मान मिळतो, तो आठशे वर्षांच्या मंदिराला मिळू नये का? मॉडेलच्या कोपऱ्यात एवढंच लिहा : 'मापात दोन सेंटिमीटरपर्यंत फरक असू शकतो, अमुक ठिकाणी तपासले.' मॉडेलची शोभा कमी होणार नाही, इज्जत मात्र वाढेल.

शेवटी, टीका करून मोकळं होणं सोपं असतं. म्हणून करायचं काय, तेही सांगतो. आणि त्यातलं निम्मं काम गावातला मिस्त्री करू शकतो.

एक. पट कागदावर नको, जाड काचेवर किंवा सपाट पत्र्यावर हवा. त्याची लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण स्टीलच्या पट्टीनं मोजून मागं लिहून ठेवा. प्रत्येक कॅमेऱ्याला पट मध्यावर, चारही कोपऱ्यांत, जवळ, लांब आणि तिरपा दाखवा. दोन कॅमेऱ्यांना एकाच वेळी दिसेल असाही दाखवा, नातं त्यातूनच कळतं.

दोन. फोकस कुलूपबंद. स्थिर चित्राची सोय बंद. भिंगाची आपोआप सुधारणा बंद. काम सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा पट दाखवा. दोन कुंडल्या जुळल्या तर मधलं काम विश्वासाचं. नाही जुळल्या तर काठी हलली.

तीन. भिंतीला समांतर चित्रांबरोबर तिरपी चित्रंही घ्या. फेरी जिथं सुरू केली तिथंच परत आणून मिटवा.

चार, आणि हे गावाचं काम. मंदिरात दहा-बारा ठिकाणी टेपनं अंतरं मोजा. खांब ते खांब, उंबरा ते उंबरा, मंडपाचे कर्ण. भिंतीवर ओळंबा सोडा आणि वर, मध्ये, खाली दोरीपासून भिंत किती ते लिहा. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढा. यातली निम्मी मापं मॉडेल करणाऱ्याला द्या, आणि निम्मी देऊ नका. (हशा) हो, देऊच नका. मॉडेल झालं की ती बाहेर काढून ताडून बघा. याला म्हणतात परीक्षा.

पाच. मूळ चित्रं, पटाची चित्रं, कुंडलीचे आकडे आणि टेपची वही हे सगळं एकत्र ठेवा, आणि दोन-तीन वेगळ्या जागी ठेवा. मॉडेल आज आहे, उद्या नवं सॉफ्टवेअर येईल. मूळ चित्रं आणि कुंडली असली तर पन्नास वर्षांनीही याच चित्रांतून याहून चांगलं माप निघेल. अजिंठ्याच्या नकला कुठं गेल्या, ते आठवा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

श्रोत्यांमधून : सर, हे लेझर स्कॅनरनं का करत नाहीत? मग भिंगाची भानगडच नाही.

उत्तर : चांगला प्रश्न. स्कॅनर अंतर थेट मोजतो, त्यामुळं आकारासाठी तो पुष्कळदा सरस. गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव 2011 साली तशीच स्कॅन झाली होती. पण स्कॅनर महाग आहे, आणि गाभाऱ्याच्या सांदीत तोही सगळीकडं पोचत नाही. रंगासाठी कॅमेरा लागतोच. शिवाय स्कॅनरलाही पासिंग लागतं. यंत्र बदललं म्हणून पडताळा सुटत नाही.

श्रोत्यांमधून : नुसत्या मोबाईलवर होईल का? आमच्याकडं तेवढंच आहे.

उत्तर : होईल. घाईत बांधलेल्या सहा कॅमेऱ्यांपेक्षा एक मोबाईल नीट वापरलेला बरा. फक्त लक्षात घ्या, एकाच कॅमेऱ्याच्या चित्रांतून आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. खेळण्यातलं मंदिर आणि खरं मंदिर त्याला सारखंच. म्हणून मोजलेली पट्टी चित्रात ठेवायचीच, आणि एक नव्हे, तीन-चार, वेगवेगळ्या बाजूंना.

श्रोत्यांमधून एक आजोबा : आमच्या गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली. आता तिच्यावर भरवसा ठेवावा का नाही, ते सांगा.

उत्तर : आजोबा, खरा प्रश्न तुम्हीच विचारलात. स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला जाहीर झाली, आणि गावठाणातल्या घराचा कागद हातात येणं ही मोठीच गोष्ट आहे. तिथली मोजणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या शिस्तीत होते, आणि आकाशात उडायच्या आधी जमिनीवर चुन्यानं हद्दी आखतात, ते त्यासाठीच. पण एक ध्यानात ठेवा, वरून कॅमेऱ्याला पत्रा दिसतो, पत्र्याखालची भिंत दिसत नाही. पत्रा भिंतीच्या हातभर पुढं आलेला असेल, तर हद्द भिंतीची धरायची की पत्र्याची, हे माणसानंच सांगावं लागतं. म्हणून नकाशा हातात आला की नातवाला घेऊन टेपनं घराची दोन-तीन मापं घ्या आणि ताडून बघा. जुळलं तर छान. नाही जुळलं तर मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. त्यात मोजणीवर अविश्वास नाही. मोजणी पुरी होते, ती अशीच.